वसईच्या होळीपासून धोबी तलावापर्यंत

वाद्य विकत घेणे ही वरवर पाहता फार साधी गोष्ट. गाठीस पैसे असावेत, दुकान उघडे असावे आणि मनाजोगे वाद्य काखोटीस मारून घरी यावे. ह्यात इतिहास तो कसला असावयाचा? परंतु वसई गावातील होळीसारख्या वस्तीतल्या एखाद्या तरुणाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपली पहिली विजेची गिटार घ्यावयाचे मनात आणले, म्हणजे त्याच्या त्या एका हौसेत पुष्कळ दूरदूरची सूत्रे येऊन मिळत. हवाई बेटांतील एका शाळकरी मुलाचा खेळ, कॅलिफोर्नियातील एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची कल्पकता, दिल्लीच्या सचिवालयातील आयात-परवाना, विरारपर्यंत धावू लागलेली विजेची आगगाडी, आणि घरच्या वडीलधाऱ्यांच्या कपाळावरची आठी, ही सर्व त्या वाद्याच्या किमतीतच धरावी लागत.

गिटार हे साहेबांचे वाद्य. विजेची गिटार ही तर त्याहून धीट. ती पाश्चात्त्य गोंगाटाबरोबर इकडे आली आणि आपल्या तरुणांनी तिची नक्कल उचलली, असा एक सर्वसाधारण समज आहे. हा समज अर्धाच खरा आहे. विजेची गिटार प्रथम जन्मास आली ती मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाची म्हणून, आणि आपल्या देशातही तिला पहिली मान्यता मिळाली ती आडव्या रूपातच. कारण त्या रूपात तिला मींड घेता येत होती. उभी गिटार, म्हणजे गळ्यात पट्टा अडकवून छातीशी धरावयाची, ती मागाहून आली. हा क्रम ध्यानात घेतला नाही तर धोबी तलावाच्या दुकानात नेमके काय विकले जात होते, ह्याचा उलगडा होत नाही.

प्रथम वसईच्या कानाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादुरशहाने तहाने वसई पोर्तुगीजांस दिली, आणि पुढील दोनशे वर्षे ह्या किनाऱ्यावर चर्चच्या उपासनेबरोबर पाश्चात्त्य सुरावटही नांदली. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांस स्वरलेखन व गायन शिकवीत. गोमंतकीय वादकांची पुढची सगळी पिढीजात विद्या त्या शाळांतून उगवली. वसईचे धर्मगुरूही पुष्कळ काळ गोव्याकडून येत. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा किल्ल्यातील चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा, भीमाशंकराची घंटा, आणि वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांच्या घाटावरील घंटा ह्या त्यांपैकी प्रसिद्ध आहेत. मेणवलीच्या घंटेवर मेरी व बाळ येशू ह्यांचे उठावाचे चित्र असून १७०७ हे साल कोरलेले आहे. ख्रिस्तमंदिरात उपासकांस बोलावणारी घंटा शिवमंदिरात आरतीस वाजू लागली, आणि तिचा नाद कोणास परका वाटला नाही. वाद्यांचे असेच असते. ज्याच्या हाती ती पडतात त्याची ती होतात.

घंटा गेल्या, तरी गावातील ख्रिस्ती कुटुंबे गेली नाहीत. शरणागतीच्या अटींत त्यांच्या धर्माचरणास मुभा होती. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलणारी, शेतात केळी, पानवेली, फुले व भाजीपाला पिकविणारी, आणि रविवारी लॅटिनमध्ये उपासना ऐकणारी ही माणसे. त्यांच्या लग्नसमारंभात पितळी वाद्यांचा बँड असे, आणि ह्या किनाऱ्यावरील त्यांच्या ज्ञातिबांधवांत मातीच्या मडक्यावर घोरपडीचे कातडे ताणून केलेला घुमटही वाजे. व्हायोलिन आणि घुमट एकाच अंगणात ऐकलेल्या कानांस गिटार नवी होती, पण विजातीय नव्हती.

आता गिटारीकडे वळू. १८९० च्या मागेपुढे, ओआहू बेटावरील जोसेफ केकुकू नावाच्या मुलाने गिटार मांडीवर आडवी ठेवून डाव्या हातात पोलादाचा तुकडा धरला, आणि तो तारांवरून सरकवीत स्वर काढले, असे सांगतात. बोटांनी पडद्यावर तार दाबली म्हणजे स्वर पायरीपायरीने चढतो. पोलाद सरकविले म्हणजे तो घसरगुंडीसारखा अखंड जातो. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोस पनामा कालव्याच्या निमित्ताने जे मोठे प्रदर्शन भरले, तेथे हवाईच्या वादकांनी अमेरिकेस वेड लाविले. परंतु ह्या गोड वाद्यात एक मोठी उणीव होती: त्याचा आवाज लहान. कर्णे आणि ढोल ह्यांच्या ताफ्यात गिटारवाला काय वाजवितो हे त्याचे त्यालाच ऐकू येत नसे.

ही अडचण जॉर्ज बोशँप ह्या हवाई पद्धतीच्या वादकाने १९३१ च्या सुमारास विजेने सोडविली. तिची रीत सांगण्यास सोपी आहे. लोहचुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे गुंडाळलेले असतात. पोलादाची तार त्याच्यावर थरथरली की चुंबकक्षेत्र डळमळते, आणि त्या डळमळण्याने वेढ्यांत अगदी क्षीण असा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. हा प्रवाह वाढवून कर्ण्यास दिला की झाला ध्वनी. मायकेल फॅरडेने १८३१ साली जो नियम शोधून काढला, तोच बरोबर शंभर वर्षांनी गिटारीच्या उपयोगी पडला. ह्यास तार पोलादाचीच लागते. आतड्याच्या तारेस चुंबक ओळखत नाही. आणि लाकडाच्या पोकळ पेटीचीही मग फारशी गरज उरत नाही. बोशँप व अडॉल्फ रिकेनबॅकर ह्यांनी १९३२ साली जी गिटार विक्रीस काढली ती ओतीव ॲल्युमिनियमची होती: गोल पोट, लांब दांडा. लोक तिला तळणीचा तवा म्हणू लागले. हे नाव हिणवण्यासाठी होते, की कौतुकाने, ते बाजूस ठेवू. तव्याचे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे वर्णन मात्र चुकलेले नाही. तिच्या हक्काची सनद सरकारी कचेरीकडून मिळावयास १९३७ चा ऑगस्ट उजाडला, आणि तोपर्यंत इतर कारखानदार त्याच वाटेने पुढे निघून गेले होते.

म्हणजे विजेची पहिली गिटार ही आडवी. उभ्या गिटारीस वीज लागली ती त्यानंतर. गिब्सन कंपनीने १९३६ साली जी विजेची ‘स्पॅनिश’ गिटार काढली, तिच्या नावातील १५० हा आकडा ध्वनिवर्धकासह तिची किंमत डॉलरांत सांगत होता. तीच घेऊन चार्ली ख्रिश्चन हा तरुण १९३९ साली बेनी गुडमनच्या ताफ्यात बसला आणि दोनअडीच वर्षांत, वयाच्या पंचविशीत मरण येण्यापूर्वी, गिटारीस त्याने कर्ण्यांच्या पंक्तीत नेऊन बसविले. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातील रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ. त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नसे. त्यानेही सुरुवात केली ती आडव्या गिटारींपासूनच. भरीव लाकडाची उभी गिटार त्याने १९५० साली बाजारात आणली, आणि १९५४ साली ‘स्ट्रॅटोकास्टर’. आज जगभर मुलांच्या खोलीतील भिंतीवर जिचे चित्र असते ती हीच.

आपल्याकडे हा क्रम अधिकच ठळक दिसतो. सरकत्या स्वरांचे वाद्य भारतास नवीन नव्हते. उत्तरेकडे विचित्र वीणा काचेच्या गोळ्याने वाजवीत; दक्षिणेत गोट्टुवाद्यावर लाकडाचा ठोकळा सरकवीत, आणि त्या वाद्यास नव्याने प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या तिरुविडैमरुदूरच्या सखाराम राव ह्यांचे मराठी कूळ नावावरूनच कळते. त्यामुळे हवाई वादक कलकत्त्यास व मुंबईस येऊ लागले, तेव्हा त्यांचे वाद्य ऐकून आपल्या लोकांस नवलापेक्षा ओळखच अधिक पटली असावी. टाऊ मो हा हवाईचा वादक कुटुंबासह पुष्कळ वर्षे ह्या देशात राहिला. कलकत्त्याच्या गार्नी निस ह्या अँग्लो-इंडियन वादकाने आपला ताफा उभारला. बंगालमध्ये तर पुढे रवींद्रसंगीत गिटारीवर वाजविणे हा घराघरांतील छंद होऊन बसला, आणि कवी नझरुल इस्लाम ह्यांचे पुत्र काझी अनिरुद्ध हे त्याच वाद्याने नावारूपास आले.

येथे आकाशवाणीची एक मौज सांगण्यासारखी आहे. १९४० च्या मार्चपासून नभोवाणीने हार्मोनियमला आपल्या दारातून बाहेर काढले. कारण हे की तिच्या पट्ट्यांतून मींड निघत नाही, आणि तिचे स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत. ही बंदी पुढे १९७१ पर्यंत कमीअधिक टिकली. घरोघर रुळलेली पेटी परकी ठरली. ज्या कसोटीस ती उतरली नाही, त्याच कसोटीस सातासमुद्रापलीकडची आडवी गिटार मात्र सहज उतरत होती! शास्त्र म्हणून हा न्याय बरोबरच होता. व्यवहार म्हणून तो फार कठोर झाला, असेच म्हणावे लागते.

चित्रपटसंगीताने ह्या गुणाचा लाभ लगेच उठविला. मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत गोमंतकीय वादकांचा भरणा होता. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस हे वाद्यमेळ बांधीत, पुणतांब्याचे सी. रामचंद्र ह्यांना १९५१ च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट ह्यांची साथ होती. लखनौकडून आलेले व्हॅन शिपले हे विजेच्या गिटारीवर सिनेमाची गाणी वाजवून तबकड्या काढू लागले, आणि पुण्याचे इनॉक डॅनियल्स अकॉर्डियनवर त्यांच्या जोडीस असत. शिपले ह्यांनी स्वतःसाठी आठ तारांची गिटार करवून घेतली होती. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते आटू लागली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती निघेपर्यंत हीच स्थिती होती. त्या सिलोनच्या वाद्यसंगीतात, शब्दांवाचून वाजणाऱ्या ओळखीच्या चालींत, ज्या मुलांनी विजेच्या गिटारीचा आवाज प्रथम ऐकला, ती पुढे दुकानाच्या काचेसमोर उभी राहिली.

ते दुकान बहुधा धोबी तलावाचे. मुंबईत पाश्चात्त्य वाद्यांच्या व्यापारास जुनी परंपरा आहे. फुर्तादो ह्यांची पेढी १८६५ सालची. पियानो, व्हायोलिन, स्वरलेखनाची पुस्तके, तारा, गज, गजास लावावयाची राळ असा सारा पसारा तेथे मिळे. मरीन लाइन्सच्या स्थानकावरून उतरून मेट्रो सिनेमाकडे चालत आले की जेर महालाची ती जुनी लाकडी सज्ज्यांची इमारत लागते. खाली १९०४ पासूनचे कयानींचे इराणी हॉटेल, वर गोमंतकीयांचे गावोगावचे क्लब, ज्यांस ते कूड म्हणतात. गोव्याहून आलेला खलाशी, स्वयंपाकी आणि वादक प्रथम पाठ टेकणार ती तेथेच. म्हणजे वाद्य विकणारा, वाजविणारा आणि बोटीवरून वाद्य आणणारा हे तिघेही हाकेच्या अंतरावर. दुकानात मिळाली नाही ती वस्तू कोणाकडे मिळेल, हे त्या चौकात विचारले म्हणजे समजत असे.

वसईच्या मुलास हा चौक दूर नव्हता. बोरीवलीपर्यंत १९२८ साली आलेली विजेची गाडी १९३६ साली विरारपर्यंत पोचली होती. ज्या मार्गाने पहाटे भाजीची व फुलांची टोपली मुंबईस जाई, त्याच मार्गाने टोपलीच्या पैशातून घेतलेली गिटार परत यावयाची. गर्दीच्या डब्यात तिचा दांडा सांभाळून आणणे हाच एक प्रवास होता.

पण पैशांचे गणित तेवढ्यावर मिटत नसे, आणि येथेच घरातील मोठ्यांचा विरोध उभा राही. १९४७ च्या कायद्याने आयात परवान्याच्या मुठीत आली. १९५७ साली परकीय चलनाची ओढ लागली तेव्हा ती मूठ आणखी आवळली. धान्य आणि यंत्रे ह्यांच्यापुढे गिटार ही चैन ठरावी ह्यात अन्याय नव्हता. तथापि ह्याचा परिणाम असा झाला की अमेरिकी गिटार ही दुकानात पाहावयाची वस्तूच राहिली नाही. ती यावयाची बोटीवरील नोकराच्या सामानातून, किंवा परत जाणाऱ्या परदेशी वादकाकडून हातोहात. उरलेल्यांनी देशी कारागिरांनी घडविलेल्या गिटारींवर भागवावे. मिरजेच्या शिकलगारांनी तलवारींचे काम सुटल्यावर सतारी घडविल्या, हे सर्वांस ठाऊक आहे. तसे धडाडीचे हात गिटारीसही लाभले, परंतु भोपळा कोरणे निराळे आणि बारीक तारेचे हजारो वेढे एकसारखे गुंडाळणे निराळे. त्या गिटारींत दांडा वाकणे, पडदे बेसूर असणे, चुंबक अशक्त असणे हे दोष नित्याचे. शिकाऱ्याच्या बोटांस त्या फार छळीत. मात्र त्यांच्यावर ज्याची बोटे तयार झाली, त्याला पुढे कोणतेही वाद्य जड गेले नाही.

शिवाय विजेची गिटार एकटी मुकीच असते. तिला ध्वनिवर्धक पाहिजे. बोटीवरून आलेला अमेरिकी ध्वनिवर्धक ११० व्होल्टांचा, आणि आपला विद्युत्पुरवठा २३० चा. मधला ट्रान्सफॉर्मर न लावता कोणी उत्साहाने बटण दाबले की धूर निघून सारे संपे. म्हणून पुष्कळांनी घरच्या व्हॉल्व्हच्या रेडिओस मागील बाजूस ग्रामोफोनसाठी जी भोके असत, त्यांतच गिटारीची तार खोचली. रेडिओ एका खोलीपुरता बोले. त्याहून अधिक पाहिजे असल्यास गणेशोत्सवास व लग्नास लाऊडस्पीकर पुरविणाऱ्याकडील आहुजाचा ध्वनिवर्धक भाड्याने आणावयाचा. तो भाषणासाठी घडविलेला. त्यातून गिटार बोले खरी, पण पुढाऱ्याच्या आवाजात. ह्यात जमिनीची तार नीट जोडलेली नसली की वादकाच्या बोटांस झिणझिण्या येत, आणि ओठ मायक्रोफोनला लागले तर चांगलाच झटका बसे. एकेरी वेटोळ्याच्या गिटारीत ५० आवर्तनांच्या विजेची गुणगुण सतत ऐकू येई, ती निराळीच. सेथ लव्हर नावाच्या यंत्रज्ञाने १९५५ साली दोन वेटोळी उलटसुलट जोडून ही गुणगुण मारली, पण त्याची ती युक्ती आपल्या स्वस्त गिटारींपर्यंत पोचावयास फार वर्षे लागली.

आणि तारा! वसईच्या खाऱ्या वाऱ्यात पोलादाची तार पाहता पाहता गंजते. नवा संच परदेशी, महाग आणि दुर्मिळ. मग जाड तारा काढून पातेल्यात उकळावयाच्या, पुसून पुन्हा चढवावयाच्या. मळ जाऊन दोनचार दिवस आवाज उजळे. घरातील स्वयंपाकाच्या भांड्यात गिटारीच्या तारा शिजताना पाहून गृहिणीस काय वाटत असेल, त्याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

तेव्हा वडील मंडळी नाराज असत ती केवळ जुनाट म्हणून असत, असे समजणे योग्य नव्हे. केळीच्या बागेवर चालणाऱ्या घरात एवढी रक्कम एका लाकडाच्या फळीवर घालणे, आणि तीही अशी फळी की जिला वीज नसली म्हणजे सूर नाही, ह्यात धोका होता. आणि वीज तरी गावोगाव कोठे होती? महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले ते १९६० साली. पैशांविषयी मोठ्यांची शंका बहुतेक खरी होती. चूक होती ती दुसऱ्या शंकेत, की हे वाद्य मुलास नाचगाण्याच्या अड्ड्यावर नेईल आणि तो चर्चला व घराला पारखा होईल. नेमके ह्याच काळात चर्चने आपली भाषा बदलली. १९६२ ते १९६५ ह्या वर्षांत रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद भरली, आणि लॅटिनच्या जागी लोकभाषेतून उपासना करण्याची मोकळीक मिळाली. वसईच्या वेदीवर मराठी आली. नवी मराठी भक्तिगीते हवी झाली. त्यांना साथ हवी झाली. आणि गिटार येणारी मुले हाताशी होती. ज्या हाताची आईबापांस भीती वाटली, तोच हात रविवारी गायनवृंदात उपयोगी पडला.

उभ्या गिटारीचा थाट मुंबईत ह्याच दशकात चढला. १९६० च्या ‘अपाची’ ह्या इंग्रजी वाद्यरचनेने शब्दांवाचून गिटार काय करू शकते हे दाखविले, बीटल्स आले, महाविद्यालयांतून ‘जेट्स’, ‘सॅव्हेजिस’ असे ताफे निघाले. १९६८ च्या जानेवारीत जॉर्ज हॅरिसन मुंबईस येऊन आपल्या वादकांकडून ध्वनिमुद्रण करवून गेला, म्हणजे रस्ता दोन्ही बाजूंनी वाहता झाला. १९७० व १९७१ साली सिमला बीट स्पर्धेच्या तबकड्या निघाल्या. १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’तील सुप्रसिद्ध गीताची गिटार वाजविली ती भूपिंदर सिंग ह्यांनी, जे गझलगायक म्हणूनही तेवढेच ओळखले गेले. तिकडे आडवी गिटार मैफलीत शिरली होती. जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा ह्यांनी १९६७ साली शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया ह्यांच्यासह काढलेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ह्या तबकडीत तिने संतूर व बासरी ह्यांच्या बरोबरीने राग मांडले.

१९९१ नंतर आयातीची दारे उघडली. पुढे चीनमध्ये घडलेल्या गिटारी इतक्या स्वस्त झाल्या की देशी कारागिरांस त्यांच्याशी टक्कर देणे कठीण गेले. आता वसईच्या मुलास गिटारीसाठी धोबी तलाव गाठण्याची गरजही नाही. ती घरपोच येते, तारांचे संच शेजारच्या उपनगरात मिळतात, ध्वनिवर्धक २३० व्होल्टांचाच असतो, आणि गुणगुण जवळजवळ नाही. १९९४ साली विश्वमोहन भट्ट ह्यांनी आपल्या मोहनवीणेवर, म्हणजे तरफांच्या तारा चढविलेल्या आडव्या गिटारीवरच, अमेरिकेचा ग्रॅमी पुरस्कार मिळविला. हवाईची ती गिटार इतकी वर्षे येथे वाढली आणि नवे नाव घेऊन अमेरिकेस गेली. दुकानांत मात्र आज मांडीवर ठेवावयाची गिटार क्वचितच दिसते. सगळ्या उभ्या टांगलेल्या असतात.